सासूबाईंनी सोडलेलं वांगं

माझं माहेर साताऱ्याकडचं, फौजी शेतकऱ्याचं. तिथे चुलीत वांगं ढकललं की निम्मा स्वयंपाक झाल्यातच जमा. लग्न होऊन सांगलीला जैनांच्या घरात आले आणि वांग्याला मुकले. सासूबाईंनी तरुणपणीच मुनिमहाराजांसमोर जन्मभरासाठी वांगं सोडलं होतं, आणि त्यांच्यामागे सगळ्या घराने. मी माहेराहून आले की त्या नाक मुरडून विचारायच्या, "आलीस भरीत हाणून?" मी म्हणायचे, "आवं आई, तुमच्या वाटणीचं बी खाल्लं." यावर त्या हसायच्या.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर मिरजेच्या दवाखान्यातून त्या परत आल्या त्या अर्ध्याच. हातपाय वाचले, पण आठवणी गळत गेल्या. जेवणावरची वासना उडाली. साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू, त्यामुळे पोट रिकामं राहिलं की थरथरायला लागायच्या. मी घास घेऊन त्यांच्या मागे मागे. अशात एका दुपारी त्या आपण होऊन म्हणाल्या, "वांग्याचं भरीत कर की. मळ्यात माझी आई करायची तसं."

"दे की करून," नवरा म्हणाला. "तिला कुठं काय आठवतंय?"

मला त्याचा रागच आला. त्यांना आठवत नव्हतं, म्हणूनच तर तो नियम आता माझ्या गळ्यात होता. मोडला असता तरी कुणी विचारणारं नव्हतं, आणि त्यामुळेच माझा धीर होईना.

मी दोन कोवळे दुधी आणले. या घरात भाजी अख्खी विस्तवावर ठेवत नाहीत, आत किडा असला तर जिवंत जळेल म्हणून. एका दुधीला उभी चीर देऊन आत नीट बघितलं. मग तेलाचा हात लावून जाळीवर, मंद आचेवर फिरवत फिरवत साल काळी होईपर्यंत भाजला. वास सुटला तशा सासूबाई भिंत धरून स्वयंपाकघरात आल्या. साल काढून दुधी कुस्करला. मिरची, कोथिंबीर, दाण्याचं कूट, मीठ, वर जिऱ्याची फोडणी. वाढताना 'घ्या भरीत' एवढंच म्हणाले, कशाचं ते गिळलं. त्यांनी दीड भाकरी खाल्ली आणि बोटं चाटली. मला रडू आलं.

दिवस मावळल्यावर त्या जपाला बसल्या. मंत्र मात्र सगळे पाठ राहिले होते. माळ मध्येच थांबली आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पूर्वीच्या सासूबाई होत्या.

"मी आज वांगं खाल्लं."

"न्हाई आई, दुधी होता तो."

"मला फसवू नगंस. तू माहेरी खातीस, आता मला बी बाटवलंस."

मी कचऱ्याच्या डब्यातून साल काढून आणून दाखवली. त्या म्हणाल्या, "जळल्यावर समद्यांची साल काळीच." नवऱ्याने शपथा घेतल्या, त्याही फुकट गेल्या. प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास करायचा त्यांनी ठरवून टाकलं. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मी काय कमावलं, हाच विचार रात्रभर डोक्यात होता.

सकाळी त्या खरंच तोंड मिटून बसल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आजची गोळी देऊ नका, पण काहीही करून पोटात काहीतरी घाला." मी साखरपाण्याची वाटी घेऊन समोर बसले, हातापाया पडले. त्या मान फिरवत राहिल्या. दुपार झाली आणि त्यांचे हात थरथरायला लागले.

मग त्या केविलवाण्या आवाजात म्हणाल्या, "भूक लागलीया गं. सकाळपासनं मला कुणी कायच दिलं न्हाई. वांग्याचं भरीत कर की."

उपास त्या विसरल्या होत्या. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली. वाटी त्यांच्या ओठांना लावली, ती त्यांनी घटाघटा रिकामी केली. मग मी दुसरा दुधी चिरला. किडा नव्हता. गॅस पेटवला. त्या खुर्ची ओढून ओट्याजवळ बसल्या.

"आई, दुधी हाय बरं का ह्यो," मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. प्रत्येक वेळी त्या मान डोलवत होत्या. संध्याकाळच्या जपाला अजून वेळ होता.