लव्हर्नने राखून ठेवलेली सही

बर्फावरून शाळेची बस चालवण्यात लव्हर्न क्लाइनचं आयुष्य गेलं. एकदा पुलावर बस आडवी घसरली, तेव्हा मागच्या पोरांना ती फक्त "गाणं थांबवू नका रे" एवढंच म्हणाली होती, असं माझी मुलगी अजून सांगते. अशी ही बाई फेब्रुवारीतल्या त्या दुपारी माझ्या गाडीत बसली, तेव्हा सीटचा पट्टा लावायचंही विसरली. मांडीवर सह्यांचे कागद होते आणि पाच वाजता गावाच्या कचेरीचं दार बंद होणार होतं.

ते कागद होते गॉर्डी क्लाइनला पायउतार करण्यासाठी; ठरलेल्या सह्या मुदतीत भरल्या की गावाला पुन्हा मतदान घ्यावं लागतं. गॉर्डी म्हणजे टॅमरॅक गावच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि लव्हर्नचा सख्खा दीर. तिचा नवरा डेल गेल्यापासून तिच्या दारातलं बर्फ गॉर्डीच काढायचा. दर रविवारी तिच्या टेबलाशी बसून भाजलेलं मांस आणि बटाटे खायचा. त्याला बायकापोरं नाहीत, हिलाही मूलबाळ नाही. रविवार सोडला तर दोघांच्याही घरात टीव्हीशिवाय कोणाचा आवाज नसतो.

निवडणुकीत गॉर्डीने शब्द दिला होता की घरपट्टी एका सेंटनेही वाढणार नाही. आता, गॉर्डीच्या शब्दाला गावात काय किंमत होती ते मी सांगते. जुन्या बोटी रंगवून नव्या म्हणून विकणारा माणूस तो! पण लव्हर्न दारोदार फिरली. "मी सांगते ना, तो वाढवणार नाही," एवढंच म्हणाली, आणि लोकांनी मतं दिली. मीही दिलं. मत गॉर्डीला होतं, पण विश्वास लव्हर्नवर होता.

मग डिसेंबरात बिलं आली. सांडपाण्याच्या प्लांटसाठी घरपट्टी वाढली होती. मंडळात बरोबरीची मतं पडली होती, आणि वाढीच्या बाजूने शेवटचा हात गॉर्डीचाच वर गेला होता. शुक्रवारी बारमध्ये तळलेला मासा खाता खाता तोंड वर करून तो म्हणाला, "परिस्थिती बदलली, काय करणार?" जसं काही परिस्थितीनेच त्याचा हात धरून वर केला होता.

लोक चिडले, शिव्या देऊन गप्प बसले. लव्हर्नला मात्र चर्चच्या तळघरात एका म्हाताऱ्या विधवेने गाठलं. "तू सांगितलं होतंस ना गं, लव्हर्न?" म्हातारीने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. त्यानंतर लव्हर्नला झोप लागेना. पुढच्या रविवारी जेवताना तिने गॉर्डीला सरळ सांगितलं, "मी तुझ्याविरुद्ध सह्या गोळा करतेय."

गॉर्डी हसला. "कर की! या गावात सही कोण देतंय? ती नावं कोणालाही वाचायला मिळतात."

ते खरं होतं. आमच्याकडे अशी यादी कोणी मागून आणतो, बारमध्ये मोठ्याने वाचतो, आणि मग वर्षभर कोण कोणाशी बोलत नाही ते ठरतं. तरी सह्या मिळाल्या. लव्हर्नने दार वाजवलं की लोकांना नाही म्हणवत नव्हतं. पण प्रत्येक दुसऱ्या दारात तिला प्रश्न यायचा, "तुझी सही कुठाय?"

"प्रत्येक कागदाच्या तळाशी माझंच नाव आहे की, गोळा करणारी म्हणून. आणखी काय हवं?" असं म्हणून ती पुढच्या घराकडे वळायची. खरं कारण मला ठाऊक होतं. गोळा करणारी म्हणून नाव असणं वेगळं, आणि 'याला काढा' म्हणणाऱ्यांत नाव असणं वेगळं. रविवारच्या टेबलासाठी तिने ती एक फट ठेवली होती. मी गप्प राहिले, आणि गप्प राहणं हा माझा स्वभाव नाही.

शेवटच्या दुपारी तिने माझ्या स्वयंपाकघरात बसून सह्या मोजल्या. लागणार होत्या बरोबर तेवढ्याच भरल्या. मी कॉफी ओतली, म्हटलं, झालं एकदाचं. पण ती कपाला हात लावेना.

"अगं जून, यातली एक खरी नाही," ती म्हणाली. "ऑर्व्हिल ट्रेस्टरने स्वतःची केली आणि खाली इर्माचीही ठोकून दिली. म्हणाला, तिचंही तेच मत आहे."

यात ऑर्व्हिलने जगावेगळं काही केलं नव्हतं. चर्चची देणगी असो, पार्सल असो, नाताळचं कार्ड असो, टॅमरॅकमधले नवरे बायकोची सही बिनदिक्कत करतात. बायकाही करतात. पण या कागदाच्या तळाशी गोळा करणाऱ्याने लिहून द्यायचं असतं की प्रत्येक सही ज्याची त्याने माझ्या डोळ्यांदेखत केली. ते खोटं निघालं तर गुन्हा.

"तू काही बोलली नाहीस त्याला?"

"पाय गारठले होते. शेवटचं घर होतं. वाटलं, चालतंय."

"मग गॉर्डीला कळणार कसं?"

"गॉर्डी दर गुरुवारी त्यांच्याकडे पत्ते खेळतो! इर्माची बोटं आखडलीत, तिला पत्तेसुद्धा लाकडी फळीत लावून द्यावे लागतात, आणि इथे तिची सही बघ कशी झोकदार आहे. काट मारली तर एक कमी. नाही मारली तर खोटी शपथ."

"तुरुंगात मी तुला ॲपल पाय भाजून आणून देईन," मी म्हटलं. तिला हसू आलं नाही. इर्माला सांगून तिची खरी सही घ्यायची, एवढाच मार्ग उरला होता. म्हणून आम्ही गाडीत बसलो.

ऑर्व्हिलने दार उघडलं. "पुन्हा काय? मी केली ना सही!"

"तूच केलीस, तेच तर दुखणं आहे," म्हणत लव्हर्न आत शिरली.

इर्मा खिडकीशी बसली होती. लव्हर्नने काही न लपवता सगळं सांगितलं. इर्माने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग, काय म्हटलंय मी?"

"की गॉर्डीला काढा."

"असं का? मला पत्ताच नव्हता."

ऑर्व्हिल मध्ये पडला. "बिल आलं तेव्हा तू केवढी ओरडली होतीस!"

"तुझ्यावर ओरडले होते. बिल टेबलावर टाकून तू तळ्यावर मासे मारायला गेलास म्हणून." मग ती लव्हर्नकडे वळली. "गटाराचं पाणी आमच्या तळघरात चढत होतं, लव्हर्न. मला ती घरपट्टी चालते. पण ते राहू दे. हा आयुष्यभर माझ्या वतीने बोलत आलाय, याचा नाद मी सोडलाय. तू दाराशी उभी होतीस. मी पडद्यातून तुला बघत होते. एक हाक मारायचीस."

"चुकलं माझं."

"आणि तुझी सही कुठाय यात?"

"तळाशी माझं—"

"तळाशी नाही. वर, आमच्या सगळ्यांच्यात."

लव्हर्न कागदाची घडी सरळ करू लागली. इर्मा म्हणाली, "माझं नाव उधळायला चालतं आणि तुझं मात्र जपून ठेवायचं. छान आहे."

लव्हर्नने तिथेच इर्माच्या नावावर काट मारली. आम्ही गाडीत येऊन बसलो तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. मी गाडी सुरू केली, पण कुठे न्यायची ते कळेना. एक सही कमी. दुसऱ्या कोणाचं दार वाजवायला वेळ नव्हता. मी माझी केव्हाच केलेली होती.

"तो यायचा बंद झाला तर माझ्याकडे कोण येणार, जून?" तिने विचारलं. "रविवारी मी कोणासाठी रांधू?"

'मी येईन' असं जिभेवर आलं होतं. पण माझ्या घरी रविवारी सहा माणसं जेवायला असतात, आणि ते तिला माहीत होतं. "मला नाही माहीत," मी म्हटलं.

तिने दातांनी हातमोजा ओढून काढला. गाडीतल्या पेनातली शाई गोठली होती. ते तिने तळहातात चोळलं, कागद डॅशबोर्डवर धरला आणि काट मारलेल्या नावाखालच्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं. मग तळाशी शपथेवर सही केली. आम्ही पोचलो तेव्हा कचेरीतली बाई दिवे मालवत होती. तिने कागद घेतले, शिक्का मारला, आणि शेवटचं नाव वाचून एकदा मान वर केली.

शुक्रवारी बारमध्ये यादी वाचली गेली. गॉर्डी मासा खात होता. आधीच्या नावांवर त्याने एकदोनदा शेराही मारला. शेवटचं नाव आलं तेव्हा त्याने पैसे ठेवले आणि तो निघून गेला.

रविवारी मी काहीतरी निमित्त काढून लव्हर्नकडे गेले. घरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती आणि ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. मांस गार होत आलं तेव्हा गॉर्डी आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. बसला, दोन घास खाल्ले, आणि काटा खाली ठेवला.

"बाकीच्यांचं सोड," तो म्हणाला. "तू सही करायच्या आधी मला एकदा विचारायचंस तरी."

"मंडळात हात वर करायच्या आधी तू मला विचारलंस?" लव्हर्न म्हणाली. "दारोदार मी उभी राहिले होते, गॉर्डी. तू नाही."

गॉर्डीने ताट पुढे सरकवलं. मग उठून त्याने कोट चढवला. "आता मत कोणाला देणार?"

"तुला नाही."

"बरं," असं म्हणून तो गेला. ताटात अर्धं अन्न तसंच होतं.

त्याच्या ट्रकचा आवाज पार वळणापलीकडे जाईपर्यंत ती उभी होती. "आता त्या लोकांच्या दारात जाता येईल मला," ती म्हणाली. मग त्याच्या खुर्चीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली.