प्रवाळाला मी न्याय मिळवून दिला

तुमच्या घरात कधी समतेमुळे कुणी मरायला टेकलंय का? आमच्या घरात टेकलं होतं. ते एक प्रवाळ होतं, आणि समता आणणारा मी होतो.

परभणीपासून समुद्र जवळ आहे असं म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. तरी आमच्या बैठकीत, टीव्हीच्या जागी, समुद्र आहे. काचेच्या टाकीतला. तो माझ्या ताईचा. ताई चुडाव्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज रेल्वेने जाते-येते आणि उरलेल्या वेळात बादलीत मीठ कालवते. (साधं मीठ नव्हे, समुद्राचं पाणी करायचं वेगळं मीठ मिळतं. "घरातलं संपलं तर हे चालंल का गं?" असं आईने एकदा विचारलं. तेव्हापासून ती पिशवी कुलपात असते.) टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे, आणि पुण्याच्या मैत्रिणीने स्वतःच्या टाकीत वाढवून दिलेली दोन प्रवाळं. समुद्रातून तोडून आणलेली असती तर मी दारात उपोषणाला बसलो असतो, हे ताईला माहीत होतं.

एक प्रवाळ शर्टाच्या गुंड्यांचा झुपका असावा तसं. ते वर, खडकाच्या माथ्यावर, दिव्याखाली. दुसरं अळंबीसारखं पसरट. ते तळाशी, कपारीतल्या सावलीत. गुंड्यांचा रंग पोपटी असायला हवा होता. तो चहाच्या चोथ्यासारखा झाला होता.

आणि इथेच पंचाईत होती. ताईने नववीच्या मुलींना शब्द दिला होता की, हिवाळ्यात घरी नेऊन तुम्हाला समुद्राचे रंग दाखवीन. त्या वर्गातल्या एकीनेही समुद्र पाहिलेला नव्हता. (मीही नव्हता पाहिला. पण माझा त्यावर एक लेख होता.)

"चोथा दाखवू का त्यांना?" ताई म्हणाली. "पाण्यात खाणं जास्त पडतंय. उरलेलं कुजतं, त्यावर प्रवाळाच्या अंगातलं बारीक शेवाळ माजतं आणि खरा रंग झाकून टाकतं."

आई वालूरची, शेतकऱ्याची लेक. तिला लगेच उमगलं. "म्हंजे युरिया जास्त झाल्यावानी. कपाशी नुसती माजते, बोंड लागत न्हाई."

"बरोबर. म्हणून दिवसातून एकदाच, चिमूटभर."

"एकदाच," आई म्हणाली, आणि ताईची पाठ वळताच तिने दुसरी चिमूट टाकली. "समजायलंय मला सगळं. पण ते मासे बघायलेत ना माझ्याकडं."

अशा वेळी ताईला आठवडाभर नांदेडला प्रशिक्षणाला जावं लागलं. जाताना टाकी माझ्या हवाली केली. इतर घरांत लेकरांना झोपवताना गोष्टी सांगतात. आमच्या बाबांनी आम्हाला पत्रकं वाचून दाखवली. ते कारकून होते आणि कर्मचारी संघटनेची सगळी पत्रकं लिहीत. अशा घरात वाढलेल्या माणसाला टाकीसमोर एकटं सोडू नये.

मी खुर्ची ओढून बसलो आणि मला दिसलं ते भयंकर होतं. एक वर, उजेडात. एक तळाशी, अंधारात. पिढ्यानपिढ्या.

"ही व्यवस्था कुणी ठरवली?" मी गरजलो.

"ताईनं," आई म्हणाली. "कांदा चिरून दे."

मी कांदा चिरला नाही, पत्रक लिहिलं. मथळा: 'तळातल्यांनो, वर या.' बाबांनी चष्मा लावून तपासलं. "मुद्दे चोख हायेत. पण शेवटी 'अन्यथा' पाहिजे. 'अन्यथा' नसलेलं पत्रक म्हंजे लग्नपत्रिका." मी 'अन्यथा' घातलं, कागद टाकीच्या काचेवर चिकटवला, बाही वर केली आणि अळंबीला माथ्यावर नेऊन बसवलं. गुंड्यांना खाली कपारीत पाठवलं. त्यांनी पुष्कळ उजेड उपभोगला होता. मग इतक्या काळच्या अन्यायाची भरपाई म्हणून दिवा पूर्ण मोठा केला.

दुसऱ्या दिवशी अळंबी बशीएवढी होती ती वाटीएवढी झाली.

"लाजायलीय," आई म्हणाली. "सवय न्हाई तिला."

"बदलाच्या सुरवातीला असंच होतं," बाबा म्हणाले.

त्यानंतर ती रुपयाएवढी झाली आणि पांढरी पडू लागली. गुंड्या आणखी काळपटल्या. अंधारात बसलेल्यांची आईला दया येऊन खाण्याच्या चिमटी वाढल्या होत्या. त्यात बाबाही पेपर वाचता वाचता एखादी टाकत. पाणी गढूळ झालं. गढूळ पाण्यावर आमच्याकडे एकच इलाज आहे, आणि तो प्रत्येक आईच्या फळीवर असतो. आईने तुरटीचा खडा घेतला, बांगड्या मागे सारल्या आणि हात टाकीवर धरला.

नेमका तेव्हा ताईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन टाकीकडे वळवला, कारण मला अभिमान वाटत होता.

"आईच्या हातात काय हाय?"

"तुरटी."

"आई, हात मागं घे. सावकाश. एक कणसुद्धा पडू देऊ नको." ताईचा आवाज बाँबशोधक पथकासारखा शांत होता. "आता तू. काचेवर काय चिकटवलंय?"

"पत्रक."

"आणि खालचं वर कुणी नेलं?"

"मी. त्याच्यावर अन्याय होत होता. त्याला उजेड..."

"अरे येड्या, त्याला सावलीच लागते. ते वाढतंच सावलीत. मी मुद्दाम जागा शोधून ठेवलं होतं. त्याला विचारलंस का, वर यायचंय का म्हणून?"

"त्याला बोलता येत नाही."

"म्हणून त्याच्या वतीनं तू बोललास होय. लय बोललास. आता खाली ठेव."

बाबांनी चष्मा काढून पुसला. एवढं नेमकं पत्रक त्यांनाही कधी लिहिता आलं नव्हतं.

मी अळंबी सावलीत ठेवली, गुंड्या उजेडात, दिवा पूर्वीएवढा. ताई परतल्यावर दर रविवारी थोडं थोडं पाणी बदलायची. खाण्याची डबीही कुलपात गेली. आई माशांना दुरूनच म्हणायची, "माझा इलाज न्हाई बाबांनो." अळंबी कित्येक दिवस तशीच आक्रसून होती. मी रोज पाहायचो आणि जेवण जात नसायचं. घोषणा देऊन माणसं जागी होतात म्हणतात. प्रवाळाचं तसं काही नाही.

मग हिवाळ्यातल्या एका रविवारी मुली आल्या. अळंबी पुन्हा वाटीएवढी पसरली होती, पण फिकी होती. गुंड्या अजून तपकिरीच. ताईने लपवलं नाही. काय बिघडलं, का बिघडलं, सगळं सांगितलं. (कुणी बिघडवलं, हे माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं.)

निशा नावाची एक मुलगी काचेला नाक लावून बराच वेळ उभी होती. "मॅडम, ह्या गुंडीला कडंनं हिरवं व्हायलंय."

सगळ्या धावल्या. ताईही धावली. खरंच होतं. एका गुंडीच्या काठाला, दोऱ्याएवढी, पोपटी रेघ.

"बाकीच्या कधी व्हतील?"

"लागतील काही महिने."

मला वाटलं, आता पोरी हिरमुसतील. निशा म्हणाली, "बरं हाय की. झाल्यावर कुणीबी बघंल. आमी होताना बघतो. पुढच्या महिन्यात येऊ का?"

ताईने एकदम माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, म्हणून मी तो क्षण साजरा करायला दोन शब्द बोलावेत असं ठरवून खुर्चीवर चढलो. बाबांनी मला दंडाला धरून उतरवलं.

आता मुली दर महिन्याला येतात आणि रेघ रुंदावत चालली आहे, असं ऐकतो. ऐकतो म्हणजे, टाकीच्या आसपास मला मनाई आहे. ठराव घरात एकमताने झाला, माझंही मत त्यात धरलं, मला न विचारता. म्हणून वाचकहो, एक विनंती. परभणीला आलात तर आमच्या घरी या, टाकीजवळ जा, आणि हिरवा कुठवर आलाय ते जरा मोठ्याने सांगा. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत असेन.