दुसऱ्याची झडप

“व्हॉल्व्ह खराब झाला आहे,” असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बघत होतो. कपात माशी पडली होती. आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी ऐकताना मला शिसारी आली ती त्या माशीची. माझा स्वभाव आधीच सांगून टाकलेला बरा, म्हणजे पुढचं समजेल. मी बायकोच्या पेल्यातलंही पाणी प्यायलो नव्हतो. पोटच्या पोरांचं उष्टं मी कधी खाल्लं नाही.

एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. नागपूरहून बदली होऊन मी गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात आलो होतो. ऑफिसचा जिना चढताना धाप लागायची, ती मी कलकत्त्याच्या दमट हवेवर ढकलत होतो. मग एकदा बसमधून उतरताना शुद्ध हरपली. एऑर्टिक स्टेनोसिस, असं निदान झालं. हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप जाड आणि कडक होते, नीट उघडत नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याने ही खोडी करून ठेवली होती.

धातूची झडप बसवता येते, पण मग रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची आणि सारखं रक्त तपासायचं. “आपका तो बदली होता है,” डॉक्टर म्हणाले. “छोटा जगह में कौन टेस्ट करेगा?” त्यांचं मत होमोग्राफ्टचं होतं. होमोग्राफ्ट म्हणजे मेलेल्या माणसाच्या हृदयातून काढून अँटिबायोटिकच्या पाण्यात राखून ठेवलेली झडप. मी “विचार करतो” म्हणून बाहेर आलो आणि व्हरांड्यातल्या बेसिनमध्ये ओकलो. बेसिन आधीच तुंबलेलं होतं.

झडप मिळेपर्यंत वॉर्डात पडून राहायचं होतं. हे दिवस तुमच्या वाट्याला आले तर नाकाची तयारी ठेवा. फिनेल, शिळा भात, ओली गादी, आणि बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या थुंकीचं भांडं. संडासात जायचं तर मी अंघोळीनंतर जपून ठेवलेला पंचा नाकावर बांधत असे. कुसुम, माझी बायको, रोज घरून वरणभात आणायची. मी डबा उघडून आधी वास घ्यायचो आणि बहुतेक वेळा बंद करून परत द्यायचो.

पण सगळ्यात जास्त किळस मला माझीच आली. सकाळी सिस्टर तापमान बघायला आली की मी विचारायचो, “आली का?” टपाल आलं का विचारावं तसं. आठवडाभराने ध्यानात आलं की मी रोज सकाळी कोणीतरी मेलं का, हे विचारतो आहे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंच.

एका दुपारी डॉक्टर स्वतः आले. झडप मिळाली होती, मापाचीही होती. त्याच दिवशी नागपूरहून माझा थोरला भाऊ, दादा, येऊन पोचला होता. दादा घरात सगळ्यांत शास्त्र जाणणारा. प्रवासात बाहेरचं पाणी पीत नाही, स्वतःचा तांब्या घेऊन फिरतो. त्याने डॉक्टरांना सरळ विचारलं, “डॉक्टरसाब, आदमी कौन जात का था?”

कुसुमने मान खाली घातली. मी दादाला आवरायला हवं होतं. मी आवरलं नाही, कारण उत्तर मलाही हवं होतं.

डॉक्टर रागावले नाहीत. “जात हम नहीं पूछा,” ते म्हणाले. “जवान लड़का था. उसका माँ साइन किया. वो भी नहीं पूछा, किसको लगेगा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आपको नहीं चाहिए तो शाम तक बोलिए. ये चीज़ ज़्यादा दिन नहीं रहता. फीमेल वॉर्ड में एक टीचर है, उनको भी दरकार है.”

संध्याकाळपर्यंत मी छताकडे बघत पडलो. नाही म्हणायचं जवळजवळ ठरलं होतं. कुसुमने एकदाच विचारलं, “अहो, मी पोरांना काय सांगू? बाबांना किळस आली म्हणून?” तेवढ्यात कूस बदलताना छातीत अशी कळ आली की मी हाताने सिस्टरला खूण केली, हो. मोठ्या मनाने वगैरे काही नाही. घाबरून हो म्हटलं.

ऑपरेशन किती तास चाललं ते कुसुमला विचारा. मला आठवते ती नंतरची घाण. छातीतल्या नळीतून बाटलीत पडणारं रक्ताचं पाणी, खोकल्याबरोबर येणारा चिकट कफ, आणि तो स्वतःच्या हाताने पुसणारी कुसुम. त्याच हाताने ती मला पाणी पाजत होती. हात धुतलास का, हे विचारायला माझ्याकडे ताकद नव्हती. नंतर ताकद आली तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. डॉक्टरांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, “भालो,” म्हणजे छान.

महिन्याभराने क्वार्टरवर परत आलो. त्या शिक्षिकेला झडप मिळाली का, हे निघताना विचारायचं धैर्य मला झालं नाही, ते आजवर टोचतं. घरी दादा थांबलेला होता. पहिल्याच जेवणाला त्याने आपलं पान माझ्यापासून हातभर लांब सरकवलं. कोणाला दिसू नये असं सरकवलं, पण मला दिसलं. मला त्याची किळस आली. आणि महिन्यापूर्वी मीही हेच केलं असतं, हेही ठाऊक होतं.

जेवण झाल्यावर दादा म्हणाला, “वसंता, मी गुरुजींना पत्र घातलं होतं. शुद्धी करून घ्यावी लागेल. फार काही नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे.”

“शुद्धी नको,” मी म्हटलं. “सुतक धरायचंय.”

“सुतक? कोण गेलं?”

“नाव माहीत नाही. जवान मुलगा होता. आई आहे मागे.”

“अरे, त्याला महिना झाला.”

“दहा दिवसांनंतर कळलं तर तीन दिवस धरतात. तूच शिकवलंयस.”

 दादा हळूच म्हणाला, “ते आपल्या रक्ताच्या माणसासाठी असतं रे.”

“माझं सगळं रक्त दिवसभर त्याच्यातूनच जातंय, दादा.”

तो उठून गॅलरीत गेला. माझे डोळे भरून आले होते, कुसुम भांडी तशीच टाकून माझ्याजवळ बसली. तिच्या हातातला अर्धा प्यालेला पेला घेऊन मी उरलेलं पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंघोळ करून आला. देवांकडे गेला नाही. ओल्या अंगाने खिडकीपाशी बसून राहिला, आणि कुसुमला म्हणाला, “तीन दिवस पूजा नाही.”