पट्टी काकांकडं आहे

अन्याय झाला तो एका मेलेल्या माणसावर. यंदा, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, भरदुपारी. औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाचनालयाच्या दारात रद्दीचा ढीग रचला होता, त्यात त्याचं पुस्तक पडलं होतं. फुलंब्रीकडच्या एका खेड्यात तो पाद्री होता, मराठीत लिहायचा. मी त्याच तालुक्यातली, पण त्याचं नाव कधी कानावर आलं नव्हतं.

मी गेले होते आमच्या संघटनेच्या पत्रकासाठी एखादं झणझणीत वाक्य शोधायला. पुस्तक उचललं. विषय माफी. अर्ध्यानंतरची पानं छापखान्यातून आली तशीच, कडा न कापलेली, एकमेकांना जोडलेली. म्हणजे इतक्या वर्षांत तिथवर कुणी पोचलंच नव्हतं!

"काका, हे का काढलं?"

"कुणी नेतच नाय तर ठेवू कुठं?" ग्रंथपाल काका म्हणाले. "कुणाच्या तरी नावावर जातं तेच ऱ्हातं. तुला कशाला? बाप्तिस्मा घ्यायचाय का?"

"वाचायचंय."

"तू? पत्रकाच्या पुढं कधी काय वाचलंस का गं?" असं म्हणत त्यांनी स्टीलची पट्टी माझ्याकडं सरकवली. "सरळ काप. फाडू नको."

गोष्ट अशी. गावानं एका म्हाताऱ्याला विहिरीवरून हाकललं. हाकलणाऱ्यांतल्या एकाला पुढं पस्तावा झाला, तोवर म्हातारा मेला. आता माफी कुणाकडं मागायची? मला वाटलं, पाद्री त्या माणसाला सोलून काढणार. मी तेच केलं असतं, दोन परिच्छेदांत. यानं काय करावं? चार पानं हाकलणाऱ्याचीच बाजू मांडली, त्याला स्वतःला जमली नसती इतकी नीट. माझं डोकंच फिरलं. हा आहे कुणाच्या बाजूनं? पुढचं पान जोडलेलं. कापलं. तिथं एकेक मुद्दा खोडत आणलेला, आवाज न चढवता. मग प्रश्न: म्हाताऱ्याच्या वाटची माफी देव तरी परस्पर देऊ शकतो का? पुन्हा पट्टी. प्रकरणाच्या शेवटी लिहिलं होतं, की मला ठाऊक नाही, वाचणाऱ्यानं सांगावं.

सांगणार कोण? त्या पानापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. पण बिडकीनच्या सभेत मी पहिल्यांदाच विरोधकाची बाजू आधी मांडली. लोक गोंधळले, मग ऐकायला लागले. हे मला कुठल्या शिबिरात शिकवलं नव्हतं. आणि तो देवाचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. त्यावर भांडायला मला माणूस पाहिजे.

माझ्या नावावर नेलेलं हे पुस्तक सोमवारी मी परत करणार. नियमानं ते लगेच पुन्हा मला मिळत नाही. पुढं कुणी नेलं नाही तर परत ढिगात. म्हणून तुमची सही नको, वर्गणी नको. मंगळवारी वाचनालयात या, माफीचं पुस्तक मागा, स्वतःच्या नावावर न्या आणि त्या पाद्र्याला उत्तर द्या. शेवटचं प्रकरण मी मुद्दाम कापलेलं नाही. पट्टी काकांकडं आहे.