युरोपातला तो एकटा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. खरं तर तिच्यापासून मला साधा फरसाणाचा पुडा लपवता येत नाही, मग हे इतकी वर्षं कसं लपलं, याचं मलाच नवल वाटतं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सांगतो. किंवा असं समजा, ओळख झाली, चहा झाला, आणि आता मी खुर्ची जरा पुढं ओढली आहे.

आधी एक सांगून टाकतो. मी सुखी माणूस आहे. शिरूरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो, आता दौंडला मुलाकडं राहतो. मुलगा रेल्वेत आहे. सूनबाई पथ्यावरून बोलत बोलत भजी तळून देते. झोप उत्तम लागते. या गोष्टीनं माझी झोप उडाली असं लिहिलं, तर ती आणखी एक थाप होईल. नाही उडाली — हेही कबुलीतच धरा.

माझा आवडीचा विषय म्हणजे युरोपातले उदारमतवादी पक्ष. हसू नका. युरोप मी पाहिलेला नाही, पण तिथल्या निवडणुकांचे निकाल मी आमच्या बाजार समितीच्या निकालांइतक्याच चवीनं वाचत आलो. ज्यांनी एके काळी माणसाला राजाच्या आणि धर्मगुरूच्या तावडीतून सोडवलं, ते पक्ष आज एवढेसे का झाले? माझं उत्तर ठरलेलं. ते हरल्यामुळं आटले नाहीत. ‘बाहेरच्यांना हाकला’ असं दुसराच कुणी म्हणायचा, आणि हे दोन मंत्रिपदांसाठी त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचे. वर म्हणायचे, आम्ही कुठं भिंत बांधतोय, आम्ही तर भिंतीला खिडकी ठेवा म्हणतोय! आता ज्याला भिंत हवी, तो भिंतवाल्यालाच मत देणार. ज्याला नको, तो घरी बसणार. मग या खिडकीवाल्यांना मत द्यायचं कुणी? मुद्दा बरोबर आहे ना? मला अजून बरोबर वाटतो. पंचाईत तिथंच आहे.

काही वर्षांपूर्वी शिरूरच्या एका व्याख्यानमालेत मी हेच मांडत होतो. लोक ऐकत होते, पण कसे — लग्नात मंगलाष्टकं ऐकतात तसे. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा जांभई दिली. मग मी एक गोष्ट सांगितली. उत्तर युरोपात एक लहानसं गाव आहे, म्हणालो. गावाचं नाव मुद्दाम पुटपुटलो. जवळ कारखाने, बाहेरून आलेले कामगार गावात खोल्या घेऊन राहतात. एकदा कुणाची तरी गाडी चोरीला जाते. सभा भरते, आणि ठरतं, की बाहेरच्यांना खोल्या द्यायच्या नाहीत. सगळ्यांचे हात वर. विरोधात कोण? एकच हात. एक साधा गाईवाला, उदारमतवादी पक्षाचा सभासद. गाव त्याला वाळीत टाकतं. पण पुढं गावाला आपलीच लाज वाटते, ते त्याची माफी मागतं, आणि भाडेकरू राहतात. ‘मित्रहो,’ मी आवाज खाली आणून म्हणालो, ‘उदारमतवादाचं भवितव्य संसदेत नाही. ते त्या एकट्या हातात आहे.’

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! अध्यक्षही जागे झाले. पुढं दौंडला, पाबळला, जिथं गेलो तिथं लोक म्हणायचे, सर, ते युरोपातलं सांगा. मी सांगायचो.

असं गाव युरोपात नाही. असेलही, मला ठाऊक नाही. मी सांगितलं ते गाव माझं होतं, शिरूर तालुक्यातलं, कारखान्यांना लागून असलेलं. गाईवाला म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको, शालनवहिनी. त्यांच्याकडं गाई नाहीत, झेंडू आहे. बाईचा पुरुष केला, झेंडूच्या गाई केल्या. माफीचा भाग तर सगळाच माझ्या पदरचा. आमच्या गावानं कसली माफी मागितली? त्या वर्षी वहिनींना हळदीकुंकवालाही कुणी बोलावलं नाही. त्यांच्या खोल्यांतून बिहारची दोन कुटुंबं टेंपोत सामान भरून निघाली. शेगडी, कूलर, वर उलटी बांधलेली सायकल. त्यातल्या एका पोरीच्या कडेवर तान्हं मूल होतं. वहिनींनी तिच्या ओटीत टोमॅटो घातले, हे मी माझ्या ओट्यावरून पाहिलं.

आणि मी? सभेत मी कुठं होतो? — बघा, इथं यायला मला किती वळसे घालावे लागले.

सभेच्या आदल्या दिवशी वहिनी आमच्या घरी आल्या होत्या. ‘भावजी, तुमी उभं ऱ्हावा. मी बोलले तर खोल्यांच्या भाड्यासाठी बोलती म्हन्तील. तुमचं ऐकत्यात समदी.’ मी हो म्हणालो. नुसता हो नाही म्हणालो, काय बोलायचं याची तयारीही केली. दुसऱ्या दिवशी सभेला गेलो. सरपंच माझा जुना विद्यार्थी. तो पाया पडला, सगळे सतरंजीवर असताना त्यानं माझ्यासाठी खुर्ची मागवली. ठराव वाचला आणि म्हणाला, ‘सर, अनुमोदन तुमचं घिऊ का? तुमचं नाव असलं की ठरावाला वजन येतं.’

मला मान आवडतो. मी हो म्हणालो. मी गप्प राहिलो असतो तर निदान भेकड ठरलो असतो. मी त्या ठरावाला अनुमोदन दिलं, हातही वर केला. मग विरोधात कोण, असं विचारलं, आणि बायकांच्या बाजूनं एक हात वर आला. हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी खाली बघितलं.

अजून एक राहिलं. शिरूरच्या त्या व्याख्यानाला वहिनी आल्या होत्या. त्यांची नात माझ्या कॉलेजात होती, तिनं आणलं होतं. मला त्या दिसल्या होत्या. गोष्ट सुरू करायच्या आधी दिसल्या होत्या. त्यांना बरं वाटेल म्हणून सांगितली, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. खोटं आहे. त्या चारचौघांत काही बोलणार नाहीत, याची मला खात्री होती.

पण प्रश्नोत्तरात त्या उभ्या राहिल्या. पदर सावरून, सभागृहात सगळे मला सर म्हणत होते तसंच म्हणत त्यांनी विचारलं, ‘सर, त्या गावात शिकलेलं असं कुनीच न्हवतं का वो?’

मी म्हणालो, ‘ताई, तेवढा तपशील उपलब्ध नाही.’

सभागृह हसलं. मीही हसलो. ज्या बाईला लग्न होऊन घरात आल्यापासून वहिनी म्हणत आलो, तिला मी माईकवरून ताई म्हणालो.

वहिनी माझ्याशी भांडल्या नाहीत. गावी गेलो की चहा होतो, निघताना पिशवीत वांगी पडतात, सणाला झेंडू येतो. तब्येतीची चौकशीही मनापासून करतात. फक्त त्या दिवसापासून त्या मला भावजी म्हणत नाहीत. सर म्हणतात. गावाला वाटतं, वहिनी दिराला किती मान देते.

त्या दारातून हाक मारतात, ‘सर’ — आणि मी ओ देतो.