माशाला तिसऱ्या, आईला पडवळ

आमच्या मुलुंडच्या घरात हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आहे. खारं पाणी, जिवंत प्रवाळ, आणि त्या सगळ्याचा लाडावलेला जावई म्हणजे एक मासा. लांब चोच, पांढऱ्या अंगावर केशरी पट्टे. दुकानदाराने देतानाच सांगितलं होतं, "ताई, हा खायला लय त्रास देतो." मी कुठली ऐकतेय! दिसायला झकास होता, घेतला.

तर जावई आल्यापासून उपाशी. दाणे टाकले, थुंकले. बर्फातली बारीक कोळंबी वितळवून दिली, तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पोट खपाटीला गेलं. मी ऑफिसातून आईला फोन करून विचारायचे, "खाल्लं का गं त्याने?" ती जेवली का, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

आई मालवणकडची. बाबा गिरणीत होते. ते गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, आता आम्ही दोघीच. ताटात मासा नसला की तिच्या लेखी तो उपासच. आणि माझ्या घरात मासा शिजत नाही, कारण मजल्यावरची बाकी सगळी घरं शाकाहारी. मला कुणी बजावलं नव्हतं हां! कागदावर नाही, तोंडी नाही. घर बघायला आले तेव्हा समोरच्या भाभी लिफ्टपाशी गोड हसल्या आणि मीच न विचारता बोलून गेले, "हम भी घर में वैसा कुछ नहीं बनाते." एकटी बाई घर घेतेय, लोकांनी चांगलं म्हणावं, एवढंच डोक्यात होतं. आईला आल्या दिवशीच नियम सांगितला.

"आपलीच मोरी नि मुतूक चोरी," ती म्हणाली आणि पडवळ चिरायला बसली. मासे खायला मावशीकडे भांडुपला जायची. पुढे गुडघे गेले आणि तेही बंद झालं.

मासा उपास सोडेना तेव्हा कुणीतरी सुचवलं, ताजे शिंपले उघडून द्या. मी बाजारातून तिसऱ्या आणल्या. काळ्या पिशवीत, वर मेथीची जुडी. घरी येऊन सुरीने एक उघडायला गेले तर बोटच कापलं.

"सर गो," म्हणत आईने विळी ओढली आणि बसली. पात्यावर शिंपला टेकवायची, जरा दाबायची, झालं. आतलं सगळं मांस एकाच शिंपीत राहायचं, दुसरी रिकामी शिंपी फेकून द्यायची. एकशिपी म्हणतात याला. गावाला अशाच खोबरं-मसाल्यात परततात. मी तशीच एक भरलेली शिंपी टाकीत सोडली. मासा आला, एका डोळ्याने बघितलं, चोच खुपसली आणि ओढून खाल्लं की हो! मी किंचाळलेच. आईचा मुका घेतला. तीही हसली.

"नखरे बघ मेल्याचे! गावाक असतो तर केव्हाच तव्यार गेलो असतो." मग हात धुताना सहज म्हणाली, "चार माका ठेवूया गो? सुका करीन वायच."

टाकीवरची नजर न काढता मी म्हटलं, "आई, फोडणीचा वास बाहेर जातो गं. कच्च्याचं ठीक आहे."

"बरा," ती म्हणाली.

मग रोजचंच झालं. मी तिसऱ्या आणायचे, ती उघडून जावयाला द्यायची. "माशाक तिसरे आणि माका पडवळ," असं म्हणून हसायची. मीपण हसायचे. शी! आज ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

एका शनिवारी मी ऑफिसातून लवकर निघाले. आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि वास आला. भाजलेलं खोबरं, मसाला, कोकम. खरं सांगते, आधी तोंडाला पाणी सुटलं. मग बघते तर समोरच्या भाभी आमच्या दाराशी, बेलवर बोट. वाट लागली! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सुरू झाले, "सॉरी भाभी! मम्मी आजकल भूल जाती है. मछली का खाना गैस पे चढ़ा दिया, देखो ना."

"अरेरे," भाभी म्हणाल्या. "कब से?"

"हो गया थोड़ा टाइम," मी म्हटलं. एक खोटं पुरलं नाही मला.

भाभींच्या दुसऱ्या हातात माझं कुरिअर होतं. ते द्यायला आल्या होत्या बिचाऱ्या. वासाचं त्यांनी नावही काढलं नव्हतं. "मेरी सासूमा का भी ऐसा ही था," म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जाळीच्या दारामागे आई उभी होती, हातात डाव घेऊन.

ती आत वळली. गॅस बंद केला. सगळं मिळून वाटीभर केलं होतं तिने. मी म्हटलं, "आई, झालंच आहे तर खा ना." "नको," म्हणाली. वास येऊ नये म्हणून एकात एक दोन पिशव्यांत बांधून तिने ते कचऱ्यात टाकलं, आणि मला आमटी-भात वाढला. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाभी मनाने चांगल्या, तीच तर पंचाईत! त्यांनी वॉचमनला आईवर लक्ष ठेवायला सांगून ठेवलं. लिफ्टमध्ये आईशी मोठ्याने, सावकाश बोलू लागल्या, "आंटी, अपना चौथा माला, हां?" एकदा तर आईला कोपराला धरून दारापर्यंत घेऊन आल्या. "नीचे अकेली खड़ी थी, पता नहीं कब से." आई कोथिंबीर आणायला गेली होती. गुडघा दुखला म्हणून जरा टेकली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी बोलेन असं तिला वाटलं असणार. जनाची नाही, निदान मनाची तरी! मी म्हटलं, "थँक्यू, भाभी."

त्या रविवारी मी ढीगभर तिसऱ्या आणल्या. पारदर्शक पिशवीत, लिफ्टमध्ये सगळ्यांना दिसतील अशा धरून. नारळ आणला, कोकम आणलं. "आई, आज आपल्याला कर. दारं-खिडक्या उघड्या टाकून कर. कोण काय बोलतं ते बघतेच मी!" आणि खोबरं खोवायला बसले.

आईने विळी घेतली. एकेक करत सगळ्या उघडल्या, एकशिपी, एकीचंही मांस फाटलं नाही. ताट भरलं. मी कढई चढवली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, ताट उचललं आणि गॅसवरून पुढे हॉलमध्ये गेली.

"अगं आई, इकडे! मसाला काढून ठेवलाय."

"कसा करतत ता इसारलंय गो मी," ती म्हणाली. अगदी माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली.

तिने एक शिंपी पाण्यात सोडली. मासा तिच्या बोटांपाशीच आला. बाकीच्या तिने डब्यात भरून त्याच्यासाठी फ्रीझरमध्ये ठेवल्या. मी कढईखालचा गॅस बंद केला.

खरं सांगायला समोरच्या दाराची बेल मी अजून वाजवलेली नाही. खोवलेलं खोबरं दुसऱ्या दिवशी पडवळाच्या भाजीत गेलं, आणि ती आम्ही दोघींनी खाल्ली.