सातवं माणूस

रेणुकादासाला साऱ्या जगाची काळजी होती, हे नांदेडात गोदावरीच्या घाटाकडच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सुट्टीत हैदराबादेहून घरी आला की तो ओसरीच्या भिंतीवर लढाईचा नकाशा डकवायचा, त्यात बाभळीचे काटे टोचून कुठली फौज कुठवर आली ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. आतून आई हाका मारमारून थकायची. "अरे, पाणी निवून चाललंय. आधी आंघोळ उरक, मग लढाईकडे बघ." सरपण संपलंय, धाकट्या इंदूला चार दिवस ताप आहे, असल्या गोष्टी त्याला सगळ्यांत शेवटी कळायच्या. पोरगा वाईट नव्हता. आधी जग, मग मुलूख, मग घर अशी त्याची आपली एक उतरंड होती, आणि ती त्याने वहीच्या पहिल्या पानावर उर्दूत लिहूनही ठेवली होती.

वडील मार्तंडराव कोर्टात नकलनवीस होते. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला केल्या आणि प्रत्येकीखाली 'मुताबिक अस्सल' असं लिहून सही केली. मूळ कागदाबरहुकूम, काना-मात्रेचाही फरक नाही, असा त्याचा अर्थ. पोराने त्यांचं अक्षर उचललं होतं. घराण्यात पहिलाच तो एम.ए.च्या वर्गापर्यंत पोचला होता. शेवटचं वर्ष चालू होतं, परीक्षेऐवजी मकाला, म्हणजे प्रबंध लिहायचा होता, आणि तो मान्य झाला की कॉलेजात जागा मिळणार हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं. मार्तंडरावांनी गल्लीत तसं बोलूनही टाकलं होतं.

ते फसली तेराशे त्रेपन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे त्रेचाळीस साल. बंगालात माणसं रस्त्यावर मरून पडतात, अशा बातम्या रोज यायच्या. त्या वाचून रेणुकादासाला एकदा दोन दिवस घास गिळवेना. हे ढोंग नव्हतं. पण उपाशी माणूस म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढे बंगालच उभा राहायचा, त्याच्या अलीकडचं काही दिसायचंच नाही. त्याने मकाल्याला विषय घेतला, खेड्यातल्या कुटुंबाची खुराक. कोण किती खातं ते नीट मोजलं तर सरकार वेळेवर जागं होईल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

गाव निवडलं रेणापूरच्या पलीकडचं, नदीकाठचं, चाळीसेक घरांचं. तिथले किशनराव हे मार्तंडराव लातूरच्या कोर्टात असतानाचे ओळखीचे. दिवाळी होताच रेणुकादास हैदराबादेहून गाडीने निघाला, उदगीर मागे टाकून पुढच्या स्टेशनावर उतरला, पुढे बैलगाडीने गावात आला आणि किशनरावांच्या ओसरीवर त्याने वह्या मांडल्या. किशनराव, त्यांची बायको केवळाबाई, मुलगा व्यंकट, सून महानंदा आणि दोन नातवंडं. शिवाय महानंदेची अडीच महिन्यांची तान्ही मुलगी होती. तिची झोळी ओसरीच्या आढ्याला बांधलेली असायची आणि दोरी सारखी कुरकुरायची. दुसऱ्या दिवशी रेणुकादास म्हणाला, की लिहिताना जरा अडचण होते. महानंदेने मुकाट्याने झोळी सोडली आणि मागच्या गोठ्यात नेऊन बांधली.

ब्राह्मणाचा शिकलेला पोर आपल्या घरी भाकरी खातो, याचं त्या गावाला फार अप्रूप वाटलं. आईला त्याने हे सांगितलं नव्हतं. रोज एका घरचं आमंत्रण. ताटात जवारीच्या दोन टम्म भाकऱ्या, अंबाडीची भाजी, तुरीचं घट्ट वरण आणि वर वाढणारीचा आग्रह. संध्याकाळी तो मारुतीच्या पारावर बसायचा आणि गडीमाणसांना बोलावून विचारायचा, "काल घरात भाकऱ्या किती झाल्या? सगळ्यांचं पोट भरलं का?" किशनराव म्हणाले, "झाल्या की बारा-चौदा." शेजारचा शिवलिंग म्हणाला, "आमच्यात सोळा." लिलावात बोली चढावी तसे आकडे चढत गेले. बाराच्या खाली कोणी उतरेना. रेणुकादास बिचारा भराभर लिहून घेत होता. बायकांना काही विचारावं हे त्याला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी पारावर बाया येत नव्हत्या. छापील तक्त्यात 'घरातली माणसं' असा रकाना होता आणि खाली बारीक अक्षरात सूचना होती, अंगावर पिणारं मूल मोजू नये. किशनरावांच्या घरापुढे त्याने सहा लिहिलं.

बेरीज झाली तेव्हा तो हरखून गेला. गाव पोटभर जेवत होतं, म्हणजे घरोघरी धान्य भरपूर असणार. बंगालसारखं इथे काही नाही, याचा त्याला मनापासून आनंद झाला.

परत जाताना लातुरात धान्याच्या लेव्हीचे एक साहेब भेटले. गावागावातून सरकारात किती धान्य घ्यायचं हे ठरवणं त्यांचं काम. त्यांनी चहा पाजला, अक्षराची तारीफ केली, म्हणाले, "बरखुर्दार, असं शास्त्रशुद्ध काम आमच्याकडे कोण करतो? एक नक्कल आम्हालाही द्या." रेणुकादास त्यांच्याच कचेरीत बसला आणि दोन तासांत त्याने सुबक नक्कल उतरवली. खाली वडिलांसारखंच 'मुताबिक अस्सल' लिहिलं, सही केली. हैदराबादेला जाईपर्यंत तो त्या तारिफेवर खूश होता.

संक्रांत झाल्यावर प्राध्यापकांच्या सांगण्यावरून तो हिवाळ्यातली दुसरी फेरी करायला गावात परतला. किशनरावांनी तसाच रामराम केला, केवळाबाईने तशाच दोन भाकऱ्या वाढल्या, हातावर तिळगूळ ठेवला. ओसरीवर या खेपेला शांतता होती. दोन दिवस त्याचं लिखाण छान झालं, आणि छान झालं म्हणून त्याला बरंही वाटलं. या गोष्टीची लाज त्याला पुढे मरेपर्यंत पुरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं. तांब्या भरलेला नव्हता म्हणून हात धुवायला तो आपणच मागच्या दाराला गेला. चुलीपाशी केवळाबाई आणि महानंदा बसल्या होत्या. मधे एक परात, तिच्यात उकडलेला पाला आणि वर मूठभर कण्या. तवा पालथा घातलेला. टोपलीत भाकरी नव्हती. त्या घरात त्या दिवशी दोनच भाकऱ्या झाल्या होत्या आणि त्या दोन्ही त्याच्या पोटात होत्या.

"मावशी, हे काय?"

केवळाबाईने पदराने परात झाकली. "काय न्हाई, दादा. तुम्ही भाईर बसा."

तो बाहेर गेला नाही. चुलीसमोर जमिनीवरच बसला. मग किशनराव आत आले आणि खालच्या मानेने बोलले, "जिमिनीतलं धान्याचं पेव उघडून नेलं सरकारानं. सगळ्याच गावाचं. आता रब्बीतलंबी तेवढंच न्यायचं म्हणून राह्यलेत."

"पण एवढं कसं? तुम्ही सांगितलं नाहीत का, की एवढं नसतं म्हणून?"

"कसं सांगावं, पंत? साहेबानं पारावर तुमचाच कागद काढला अन् नाव घिऊन घिऊन वाचला. किशनराव, दिसाला चौदा भाकरी. शिवलिंग, सोळा. एवढं खाता तर पेवं भरलेलीच असणार, म्हणाला. आमच्याच तोंडचं ते. आता चार माणसांत, न्हाई, आम्ही खोटं बोललो, म्हणावं का?"

"मग मला का सांगितलंत चौदा?"

किशनरावांनी बायकोकडे बघितलं. उत्तर केवळाबाईने दिलं. "पाव्हण्याला घरात कमी हाय म्हणून कोणी सांगतं का, दादा? तुम्ही तर पोट भरतं का म्हणून इचारलं. हाव म्हणावंच लागतं की."

दोघांच्याही आवाजात राग नव्हता. निदान चार शिव्या तरी द्यायच्या होत्या त्यांनी. त्याने उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "महानंदाताई, मुलगी कुठे आहे? झोळी दिसत नाही."

महानंदा उठून गोठ्याकडे निघून गेली.

"गेली ती," केवळाबाई म्हणाली. "मार्गशीर्षात. हिच्या अंगावरचं दूध आटलं. बकरीचं पाजून बघितलं, न्हाई पचलं. तुम्हाला आल्या आल्या कशाला सांगावं? सणाचे आले होतात." मग तिने विचारलं, "आमच्या घरात माणसं किती लिव्हली होती तुम्ही?"

"सहा."

"तवा सात होतो, दादा."

ती बारीक अक्षरातली सूचना रेणुकादासाला पाठ होती, पण ती या बाईला सांगायची कशी?

पुढचे आठ दिवस तो पारावर गेला नाही. केवळाबाईच्या मागे मागे घरोघरच्या चुलीपाशी जाऊन बसला. बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकेक बोलायला लागली. पिठाचा डबा उघडून दाखवला, उखळ दाखवलं. गड्यांनी चार खाल्ल्या तर आपल्याला अर्धी उरते, कधी तीही नाही, हे त्यांनी पाण्याची घागर किती लांबून आणावी लागते हे सांगावं तसं सांगितलं. दिवाळीतसुद्धा कुठल्याच घरात आठाच्या वर भाकऱ्या होत नव्हत्या. रोज रात्री पाव्हण्याच्या वाटची भाकरी कुणाच्या तोंडची काढली जात होती, हे त्याला आता नावानिशी कळत होतं. त्या आठ दिवसांत त्याने सोबत आणलेल्या चुरमुऱ्यांवर भागवलं. कुणी वाढायला आलं की हात जोडायचा.

नवा तक्ता घेऊन तो लातूरला गेला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"अक्षर एकच, सही एकच. यातला खोटा कुठला?"

"पहिला."

"तसं लिहून द्या. खुराकीचे आकडे चुकीचे होते आणि चूक गावाची नव्हे, तुमची होती, असं. रब्बीची वसुली मी थांबवू शकेन. पण या कागदाची एक प्रत तुमच्या विद्यापीठाकडे जाईल. मकाला कधी द्यायचा आहे?"

"पंधरा दिवसांत."

साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मग पंधरा दिवसांनी या."

रेणुकादासाच्या मनात काय काय आलं असेल ते सांगायला नको. वडील गल्लीत बोलून बसले होते. पंधरा दिवस म्हणजे फार नव्हेत, तेवढ्यात काय बिघडणार, असंही त्याच्या मनात आलंच. पण खळी सुरू झाली होती आणि धान्य खळ्यावरूनच उचललं जायचं. त्याने दौत जवळ ओढली. 'गावाने पाहुण्याला उत्तर दिलं, मी ते सरकारला दिलं,' असं त्याने उर्दूत लिहिलं आणि सही केली. 'मुताबिक अस्सल' मात्र लिहिलं नाही.

रब्बीची वसुली थांबली. पेवातली गेलेली जवारी काही परत आली नाही. विद्यापीठाने मकाला फेटाळला. त्यात त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, बंद झाला. रेणुकादास नांदेडला आला तेव्हा मार्तंडरावांनी सगळं ऐकून घेतलं, तो कागद स्वतः वाचायला मागितला, त्याची नक्कल पोराजवळ होती ती वाचली, आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे." त्या दिवशी ते जेवले नाहीत. गल्लीत मात्र त्यांनी पुन्हा कधी कॉलेजचं नाव काढलं नाही.

पुढे निजामाचं राज्य गेलं. रेणुकादास नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागला आणि तीस वर्षं शिकवत राहिला. जगाची काळजी त्याला तेव्हाही होती, वर्तमानपत्र तो पहिल्या ओळीपासून वाचायचा. फक्त आधी तो स्वयंपाकघरात जाऊन टोपलीत डोकावून यायचा. त्याची बायको कुसुम सुरुवातीला याने चिडायची, कारण नवऱ्याने टोपली बघणं तिला अपमानाचं वाटे. त्याने एकदा तिला सगळं सांगितलं. त्यानंतर त्या घरात सगळ्यांची ताटं एकदमच मांडली जायला लागली आणि आल्या-गेल्याला चमत्कारिक वाटलं तरी ती पद्धत मोडली नाही.

तो गेल्यावर इंदूला कपाटात त्याच्या वह्या सापडल्या. आधी जग, मग मुलूख, मग घर हे पान तसंच होतं, त्याने ते फाडलं नव्हतं. पुढे पहिल्या फेरीचा तक्ता होता आणि त्यातल्या एकूण एक आकड्यावर काट मारलेली होती. बारा, चौदा, सोळा, सगळे खोडलेले, आणि त्यांच्या जागी दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. एकाच ठिकाणी लिहिलं होतं. किशनरावांच्या घरापुढच्या सहावर काट मारून सात केलं होतं आणि शेजारी, मार्तंडरावांच्या वळणाच्या अक्षरात, एक ओळ वाढवली होती. तुळजा, वय अडीच महिने, खुराक आईचं दूध.